रिकामी डिकी

आमच्या ह्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. सुतारकाम करतात म्हणून. पण सुतारकाम म्हणजे दारं, खिडक्या, पलंग, टेबल असं काही तुमच्या डोळ्यांसमोर आलं असेल तर ते विसरा. आमच्याच घरातल्या कपाटाचं दार कधीपासून निखळलंय हे मी सांगत बसत नाही, उगाच माझंच डोकं तापायचं. आमचे मिस्त्री आयुष्यभर एकच वस्तू करत आले: गाडीच्या डिकीत बसणारे सबवूफरचे बॉक्स. हल्लीच्या पोरांना गाणं नुसतं कानांनी ऐकून भागत नाही, छातीत धडधडलं पाहिजे. त्यासाठी परातीएवढा स्पीकर लागतो, आणि त्या परातीला राहायला लाकडाचं घर लागतं. ते घर हे बांधतात.

पुढे शेड आणि मागे आमच्या दोन खोल्या. शेडमध्ये करवत सुरू झाली की मागे चहावर भुशाची साय धरते. लग्नानंतर काही दिवस मी कपावर बशी झाकून ठेवायचे, नंतर सोडून दिलं. भुसा पोटात जाऊन कुणी मेल्याचं ऐकलं नाही. पुढे मीही त्या धंद्यात ओढली गेले. बॉक्स तयार झाला की त्याला बाहेरून करडा गालिचा चिकटवायचा, ते काम माझं. कोपऱ्यावर सुरकुती पडली तर हे बोलत काहीच नाहीत, फक्त त्या सुरकुतीवरून सावकाश अंगठा फिरवतात. त्यापेक्षा चार शब्द सुनावलेले परवडले.

ह्यांचे दोन नियम होते आणि ते नव्या गिऱ्हाइकाला ऐकावेच लागत. पहिला, डिकीचं आधी तोंड मोजायचं, मग पोट. डिकी आतून ऐसपैस असते आणि तोंडाशी अरुंद. नवशिके आतलं माप घेऊन मोठ्या हौसेने बॉक्स करतात आणि मग तो दारात अडतो. उभा घाला, आडवा घाला, तिरका घाला, जात नाही म्हणजे जात नाही. असे अडलेले बॉक्स घेऊन लोक आमच्याकडे यायचे तेव्हा हे गालातल्या गालात हसायचे. दुसरा नियम, बॉक्स चार स्क्रू काढले की बाहेर आला पाहिजे. कारण त्याच्या खाली स्टेपनी असते, आणि गाडी काही तुम्हाला विचारून पंक्चर होत नाही. हा नियम सांगताना ह्यांचा आवाज शाळामास्तरांसारखा व्हायचा. मी मागून तोंड वाकडं करून दाखवायचे आणि गिऱ्हाईक बिचारं हसू दाबत उभं राहायचं.

आम्हाला एकच मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण पाय फुटल्यापासून ती एका जागी उभी राहिलेली मी पाहिली नाही. तान्ही होती तेव्हा मी तिला अर्धवट झालेल्या बॉक्समध्ये दुपटं घालून निजवायचे आणि शेजारी बसून गालिचा कापायचे. करवत चालू असली, वूफर तपासायला लावलेला असला की गाढ झोपायची. आवाज बंद झाला की उठून भोकाड पसरायची. पुढे मोठी झाल्यावर तीच वूफरच्या तारा जोडायला लागली. ‘बाबा, हा गुदमरतोय, ह्याला अजून हवा पाहिजे,’ असं म्हणायची. आणि ती म्हणाली म्हणून हे खरंच बॉक्स उघडून मोठा करायचे. मी त्याच बॉक्सचा गालिचा दोनदा चिकटवायचा, त्याचं कुणाला काही नाही.

ती पुढे शिकायला म्हणून दूर गेली. विमानाने जावं लागतं इतकी दूर.

तेव्हा आमची गाडी लहान होती आणि तिच्या डिकीत ह्यांचा नमुन्याचा बॉक्स होता, गिऱ्हाइकांना ऐकवायचा. डिकी त्याने ठासून भरलेली. भिंगरीच्या दोन मोठ्या बॅगा आणि पुस्तकांचा एक खोका. मी आदल्या दिवसापासून मागे लागले होते की तो बॉक्स काढा, सामान कुठे ठेवणार. चार स्क्रूच तर आहेत, निघताना काढतो, असं हे म्हणत राहिले. निघायची वेळ झाली तरी हे शेडमध्ये कुणाच्या तरी बॉक्सच्या कडेवर कानस मारत बसलेले. आता मला कळतं, ते स्क्रू काढले की पोरगी निघाली, असं काहीतरी ह्यांच्या डोक्यात बसलं होतं. तेव्हा मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटी वेळच उरला नाही. बॅगा मागच्या सीटवर कोंबल्या, खोका भिंगरीच्या मांडीवर, तिची हनुवटी त्या खोक्यावर टेकलेली. मी पुढे बसलेले. मान वळवली तरी सीटच्या पाठीवरून तिचं नुसतं कपाळ दिसायचं. पोरगी हसत होती, म्हणत होती की तिलाच सामान समजा आणि वरून एखादा शिक्का मारा. विमानतळावर पोचलो तेव्हा उशीर झालेला. धावपळीत ती आत गेली. ‘नीट राहा’ एवढंसुद्धा ह्यांच्या तोंडून निघालं नाही.

परत येताना मागची सीट रिकामी होती आणि डिकी भरलेली. घरी आल्या आल्या, बूटसुद्धा न काढता, ह्यांनी ते चार स्क्रू काढले.

त्यानंतर बरीच वर्षं आमच्या गाडीत बॉक्स बसला नाही. काही वर्षांनी जुनी गाडी दिली आणि दुसरी घेतली, तीही जुनीच, पण डिकी अशी की माझ्यासारखी बाई आत पाय पसरून झोपेल. गाडी बघायला गेलो तेव्हा ह्यांनी इंजिन पाहिलं नाही, चाकं पाहिली नाहीत. सरळ मागे जाऊन डिकी उघडली आणि मोजायचा टेप लावला. विकणारा माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, असेच आहेत ते.

ती डिकी कायम रिकामी. मी बाजारातून आले की पिशव्या मांडीवर, पायाशी, जमेल तिथे. डिकीत ठेवायला गेले की म्हणायचे, राहू दे ना, डाग पडतो. मी म्हणायचे, एक दिवस मला मागून चालत यायला सांगाल पण डिकीत कांदे ठेवू देणार नाही. हे हसायचे. आठवड्यातून एकदा डिकी उघडायची, फडकं मारायचं, जरा वेळ उघडी ठेवून हवा लागू द्यायची. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, मिस्त्रींच्याच गाडीत बॉक्स नाही, हे कसलं दुकान! हे म्हणायचे, जागा ठेवलीय. कुणासाठी ते कुणी विचारलं नाही, ह्यांनीही सांगितलं नाही. मला मात्र ठाऊक होतं. पुढच्या वेळी पोरीच्या बॅगा डिकीत जाणार होत्या आणि पोरगी सीटवर मोकळी बसणार होती.

पण पुढची वेळ येईना. दर वर्षी ती म्हणायची, यंदा नक्की. मग परीक्षा निघायची. परीक्षा संपली तर नोकरी लागली, नोकरी लागली तर रजा मिळेना. खोटं बोलणारी नाही हो माझी पोरगी, तिच्या खरंच अडचणी असतील. तिचा आवाज रडवेला व्हायचा. हे फोनवर दर वेळी एकच म्हणायचे, ‘असू दे, सवडीने ये.’ आणि फोन ठेवला की डिकी पुसायला जायचे, जणू ती डिकीतच अडकून बसलीय.

एका वर्षी सगळं ठरलं होतं. तिकीटसुद्धा काढलेलं. मी तिच्या खोलीतले पडदे धुतले, गादीला ऊन दाखवलं. ह्यांनी गाडी धुऊन आणली आणि विमानतळाच्या रस्त्यावर कुठे खोदलंय का ते बघून आले. निघायच्या दोन दिवस आधी फोन. तिच्या ऑफिसातल्या वरच्या बाईंनी काम सोडलं होतं आणि सगळं हिच्या गळ्यात पडलं होतं. हे म्हणाले, असू दे, सवडीने ये. पण त्या दिवशी डिकी पुसायला गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये आले तर गाडी आत घेतलेली, डिकी उघडी, आणि हे आत गुडघ्यांवर बसलेले. मला वाटलं, कसला आवाज येतोय ते बघत असतील. मग पाहिलं, डिकीच्या तळाशी एक फळी बसवलेली. स्टेपनीच्या वर, कडेपासून कडेपर्यंत. मग दुसरी फळी. हे एकेक फळी आत नेत होते आणि आतच जोडत होते, डिंक लावून, स्क्रू पिळून, फटीत सिलिकॉन भरून. बाहेर बांधून आत बसवायचा सोडून बॉक्स आतच बांधत होते. डिकीचं सगळं पोट भरेल एवढा. तोंडातून तो कधीच बाहेर येणार नव्हता.

मी किती तरी वेळ बघत राहिले. मग विचारलं, ‘अहो, हा बाहेर कसा काढणार?’

‘काढायचाय कुणाला?’ हे म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही.

आयुष्यभर लोकांना नियम शिकवणारा माणूस, दोन्ही नियम मोडून बसला होता. पोरीची वाट बघणं ह्या माणसाने सोडलं, हे मला त्या फळ्यांवरून कळलं. मी इतकी चिडले की दोन दिवस बोलले नाही. वाट बघायची आम्ही दोघांनी, आणि सोडून द्यायची ह्यांनी एकट्याने? मला विचारायचं तरी! पण गालिचा चिकटवायची वेळ आली तेव्हा मुकाट्याने गेले. आत हात पुरत नव्हता, अर्धी डिकीत शिरून, पोटावर पडून चिकटवला. त्या डिंकाच्या वासाने डोळ्यांतून पाणी येतं, आमच्या धंद्यात ती एक सोय आहे.

बॉक्स मात्र असा झाला की काय सांगू. वूफर बसवल्यावर हे मला चक्कर मारायला घेऊन गेले. मी फुगूनच बसले होते. गाणं अगदी हळू लावलं. मला वाटलं होतं, काचा थरथरतील, रस्त्यावरची माणसं वळून बघतील. तसलं काही नाही. आवाज कानात येतच नव्हता, पाठीच्या कण्यातून वर चढत होता, कुणी मागून तळहात टेकवून उभं राहावं तसा. आम्ही गावाबाहेर लांबपर्यंत गेलो. मला पोरीची इतकी आठवण आली की मी हात पुढे करून गाणं बंद केलं. ह्यांनी थोड्या वेळाने परत लावलं. मी मग राहू दिलं.

त्या बॉक्सचं नाव झालं. लांबून लोक ऐकायला यायचे. एकदा आम्ही दोघं बाहेर गेलेलो आणि चाक पंक्चर झालं. स्टेपनी बॉक्सच्या खाली गाडलेली. हे रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून उभे. तिथे मदतीला थांबलं ते नेमकं ह्यांचंच एक जुनं गिऱ्हाईक, स्टेपनीवरचं अख्खं भाषण ऐकलेलं. मी हसून हसून खाली बसले. त्या सगळ्या काळात ह्यांची फजिती झाली ती तेवढीच, आणि मी ती अजून कुणाकुणाला सांगते.

मग एक दिवस भिंगरीचा फोन आला. ती म्हणाली, खोली सोडतेय, सामान सगळं बांधून झालं, रजा मिळाली, मी येतेय. दिवस सांगितला, वेळ सांगितली. फोन मी घेतला होता, हे शेजारी उभे होते. मी तिचं बोलणं तसंच्या तसं ह्यांना सांगितलं. ह्यांनी एकच विचारलं, खोली सोडतेय म्हणाली? मी म्हटलं, हो. सामान बांधलं म्हणाली? मी म्हटलं, हो.

ह्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते बघून मी पुढचं विचारायचं टाळलं. परत फोन करून एवढंच विचारायचं होतं, की बाई गं, कायमची येतेस की चार दिवसांसाठी? पण मी मूग गिळून बसले. असे प्रश्न विचारले की आहेत ते दिवससुद्धा कमी होतात, असं मला वाटतं. आणि खरं सांगू? मलाही तेच ऐकायचं होतं जे ह्यांनी ऐकलं. खोली सोडलेलं, सामान बांधलेलं माणूस आणखी कुठे जाणार, घरीच येणार ना!

दुसऱ्या दिवशी ह्यांनी करवत घेतली आणि डिकीत शिरले. मी धावत गेले. म्हटलं, टपावर कॅरियर लावू, बॅगा वर बांधू. टेंपो सांगू. एवढा जीव ओतून केलेला बॉक्स आहे. एक टॅक्सीवाला त्याच वेळी वूफर दुरुस्तीला आलेला, तो तर गयावया करायला लागला की मिस्त्री, तोडू नका, मला द्या. हे म्हणाले, तो निघत नाही, देऊ कसा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘ह्या खेपेला तिचं सामान डिकीतच जाईल.’ म्हणाले अगदी हळूच.

मी गालिचा सोलून काढला. पक्का बसला होता, नखं दुखली. ह्यांनी आडवं पडून एकेक फळी कापली. भुसा केसांत, भुवयांवर, कानांत. फळ्यांचे तुकडे बाहेर येत गेले, आणि टॅक्सीवाला ते एकावर एक रचत गेला. त्यातल्या बऱ्या तुकड्यांची ह्यांनी भिंगरीच्या खोलीत फडताळं केली. पुस्तकं आणेल ती, कुठे ठेवणार, असं म्हणाले. फडताळं गुळगुळीत घासली, अंगठा फिरवून बघितला. मग डिकी धुतली, पुसली, हवा लागू दिली. मी कांद्याची पिशवी घेऊन मुद्दाम समोरून गेले, तर दोघंही हसलो. किती तरी दिवसांनी असे हसलो असू.

विमानतळावर आम्ही वेळेच्या बरेच आधी पोचलो. ह्यांनी एक ढकलगाडी मिळवून ठेवली आणि तिच्या दांड्यावरचा हात काढला नाही, कुणी नेईल म्हणून. आतून माणसं यायला लागली. डोक्याइतके उंच सामानाचे ढीग ढकलत. मी टाचा उंचावून बघत होते.

ती आली. केस कापलेले, थोडी वाळलेली, चालणं तसंच, भिंगरीसारखं. माझ्या गळ्यात पडली. मला पुढचं काही दिसेना. मग ती ह्यांच्याकडे वळली आणि ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिच्या खांद्यावरून तिच्या मागे बघितलं. मीही बघितलं. मागे कुणी दुसरंच कुटुंब येत होतं. भिंगरीच्या हातात एक चाकांची बॅग होती, एवढीशी, शाळेच्या दप्तराहून जराशी मोठी.

‘सामान?’ ह्यांनी विचारलं.

हेच, म्हणाली ती. बाकीचं कालच नव्या घरी टाकलं. मग तिने उत्साहाने सांगायला सुरुवात केली. तिकडेच घर घेतलंय तिने, स्वतःचं. दोन खोल्या, मोठी खिडकी, आमच्यासाठीसुद्धा जागा आहे म्हणे. आत रंगकाम चाललंय, राहायला जायला आठवडा आहे, तेवढ्यात म्हटलं धावत येऊन तुम्हाला भेटून जावं. बोलता बोलता तिने आमच्या तोंडांकडे बघितलं आणि थांबली. खूश नाही का झालात, असं तिने विचारलं.

हे म्हणाले, ‘झालो की. घर घेतलंस, फार बरं केलंस.’ आणि तिच्या हातातली बॅग घेऊन ढकलगाडीवर ठेवली. एवढ्या मोठ्या ढकलगाडीवर ती एवढीशी बॅग. हे ती दोन्ही हातांनी ढकलत गाडीपर्यंत घेऊन गेले. भिंगरी म्हणत होती, बाबा, कशाला, जवळच ठेवते. पण ह्यांनी डिकी उघडली. लखलखीत, ऐसपैस, रिकामी. बॅग मधोमध ठेवली, दोनदा हलवून नीट केली आणि झाकण लावलं.

मी मागे लेकीजवळ बसले, तिचा हात हातात घेऊन. ती रस्त्यावरची नवी दुकानं बघत होती. पहिलं वळण आलं तशी बॅग डिकीत घरंगळली आणि कडेला जाऊन आपटली. दुसऱ्या वळणाला दुसऱ्या कडेला. हे समोर बघून गाडी चालवत होते.

‘बाबा, मागे काय आपटतंय?’ भिंगरीने विचारलं.

‘तुझं सामान,’ हे म्हणाले, आणि पुढचं वळण अगदी हळू घेतलं.